गाडी नाही, नातेवाईक नाही, आणि वादळ येतंय

टेक्ससच्या किनाऱ्यावर हरिकेनचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. त्यातला सगळ्यात धोक्याचा काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा, आणि आमच्या कॉलेजात नवे परदेशी विद्यार्थी उतरतात ते नेमके याच दिवसांत. बॅगा उघडलेल्या नसतात, बँकेत खातं नसतं, फोनमध्ये मायदेशातलं सिम असतं आणि समुद्र इथून किती लांब आहे हेसुद्धा माहीत नसतं. २०१७ साली हार्वे वादळ २५ ऑगस्टला रॉकपोर्टजवळ धडकलं तेव्हाही सेमिस्टर नुकतंच सुरू झालं होतं. ह्यूस्टन विद्यापीठात सुमारे २०० भारतीय विद्यार्थी पाण्याने वेढले गेल्याचं तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी स्वतः जाहीर केलं होतं.

मी याच किनारपट्टीतल्या एका छोट्या कॉलेजात डीएसओ आहे. परदेशी विद्यार्थ्यांची सरकारदरबारी नोंद ठेवणारी, त्यांचं आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र) काढून देणारी कॉलेजची अधिकृत व्यक्ती म्हणजे डीएसओ. मीही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच इथे आले, शिकले, पुढे ग्रीन कार्ड झाल्यावर या कामाला लागले. २०२३ च्या फॉल सेमिस्टरमध्ये, म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात, कॉलेजच्या आपत्कालीन आराखड्यातला परदेशी विद्यार्थ्यांचा भाग नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते काम कसं झालं आणि पुढच्याच उन्हाळ्यात ते कसं कसाला लागलं, हे इथे सविस्तर लिहिते आहे. आपली मुलं इकडे मोठ्या संख्येने येतात आणि त्यांच्या घरच्यांना यातलं फारसं कुणी सांगत नाही.

आधीचा आराखडा वाईट होता असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९९० पासून क्लेरी कायदा आहे. कॅम्पसवर तातडीचा धोका दिसला की कॉलेजने विद्यार्थ्यांना लगेच कळवलं पाहिजे, ती यंत्रणा वर्षातून एकदा तरी तपासली पाहिजे आणि दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल प्रसिद्ध केला पाहिजे, असं तो सांगतो. आमच्याकडे हे सगळं चोख होतं. भोंगे होते, मेसेज होते, प्रत्येक इमारतीसाठी नेमलेली माणसं होती. पण वादळाच्या पानावर एक वाक्य होतं: आदेश निघाल्यावर वसतिगृहं बंद होतील, विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी जावं. डॅलसच्या मुलासाठी ते वाक्य पुरेसं आहे. जिचं घर चौदा हजार किलोमीटरवर आहे तिच्यासाठी त्याचा काहीच उपयोग नाही.

लिहायला बसण्याआधी मी मुलांकडे गेले. ऑफिसात बोलावलं की मुलं व्हिसाच्या धास्तीने फक्त बरं तेवढंच सांगतात, म्हणून त्यांच्या अपार्टमेंटमध्ये, क्रिकेटच्या सामन्यानंतर, लायब्ररीच्या पायऱ्यांवर, जिथे भेटतील तिथे बोलले. त्यातून जे कळलं ते ऑफिसच्या कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं.

पहिली गोष्ट फोनची. कॉलेजचा इशारा ज्या नंबरवर जातो तो प्रवेश अर्जात भरलेला असतो, आणि प्रवेश अर्ज भरताना मूल आपल्या गावी असतं. आमची मेसेजची यंत्रणा परदेशी नंबरवर काही पाठवतच नव्हती. म्हणजे इथे उतरल्यापासून नवा नंबर नोंदवेपर्यंत त्या मुलाला कॉलेजचा एकही इशारा मिळाला नसता. आता विमानतळावरून आल्यावर खोलीची किल्ली हातात देतानाच नंबर बदलून घेतो आणि समोर चाचणीचा मेसेज पाठवून तो पोचलेला बघतो.

दुसरी गोष्ट पत्त्याची. नियमाने विद्यार्थ्याने घर बदलल्यावर १० दिवसांत कळवायचं असतं आणि आम्ही ते २१ दिवसांत सेव्हिस या सरकारी प्रणालीत चढवायचं असतं. पण मुलं तीन महिन्यांसाठी खोली दुसऱ्याला देतात, मित्राकडे जाऊन राहतात, इंटर्नशिपला दुसऱ्या शहरात जातात. सेव्हिसमधला पत्ता कायद्यापुरता ठीक असतो, वादळाच्या रात्री मूल तिथेच झोपलेलं असेल याची खात्री नसते. आणि ह्यूस्टन-गॅल्व्हेस्टन पट्ट्यात कुणी आधी बाहेर पडायचं हे पिन कोडवरून ठरतं, तिथे त्याला झिप कोड म्हणतात. मी विचारलेल्यांपैकी जवळजवळ कुणालाच आपण कुठल्या झोनमध्ये राहतो ते सांगता आलं नाही. सांगता येणार तरी कसं? हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट गाडीची. टेक्ससमध्ये बाहेर पडणं म्हणजे स्वतःच्या गाडीने बाहेर पडणं, हे सगळेच गृहीत धरतात. आमच्या बहुतेक परदेशी मुलांकडे गाडी नाही. ज्यांच्याकडे आहे त्यातल्या कितींनी हायवेवर दूरचा प्रवास केलाय? शिवाय गाडी असली तरी वेळ चुकली तर ती उपयोगाची राहत नाही. २००५ मध्ये रीटा वादळाच्या वेळी ह्यूस्टन परिसरातून वीस लाखांहून जास्त लोक एकदम निघाले आणि रस्ते तासन्‌तास तुंबले. वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेल्या एका बसला डॅलसजवळ आग लागून २३ जण गेले. टेक्ससमध्ये तेव्हा वादळापेक्षा त्या पळापळीतच जास्त माणसं दगावली. म्हणून माझं मत पक्कं आहे: ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना सगळ्यांच्या आधी हलवायला हवं. बसमध्ये जागा उरली तर त्यांना घेऊ, असं चालणार नाही.

राज्य सरकारची एक सोय मला या कामातच नीट कळली. २११ हा क्रमांक फिरवून ‘स्टीअर’ नावाच्या नोंदवहीत नाव घालता येतं. आजारी, अपंग माणसांसोबत ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांनाही तिथे नोंद करता येते. नोंद ऐच्छिक आणि मोफत आहे, पण मदत येईलच अशी हमी ती देत नाही. आम्ही नावं नोंदवायला लावतो, आणि तिच्यावर विसंबून राहू नका हेही सांगतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मुलांना न्यायचं कुठे यावर. सरकारी निवारा केंद्रं असतात, पण तिथे शेकडो अनोळखी माणसांत एकोणीस वर्षांचं मूल एकटं जाऊन बसायला धजत नाही. हे मी मुलांच्या तोंडून ऐकलं. काही जणांना तर तिथे गेलं की कागदपत्रं तपासतील आणि व्हिसावर गदा येईल असं वाटत होतं. म्हणून किनाऱ्यापासून लांब, आतल्या भागातल्या एका कॉलेजशी करार करायचं ठरलं: आमची मुलं त्यांच्याकडे काही दिवस राहतील.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात तिकडच्या वकिलांनी विचारलं, कुणाला काही झालं तर जबाबदारी कुणाची? आमच्या हिशेब विभागाने विचारलं, जेवणाचा खर्च कुठल्या खात्यातून? त्यांचे वसतिगृहवाले म्हणाले, आमच्याही खोल्या ऑगस्टमध्ये भरलेल्या असतात, जिममध्ये खाटा टाकून देऊ, पण तीन दिवसच. मी त्या तीन दिवसांवर अडून बसले. वादळ तीन दिवसांत निघून जाईल, पण आमचं वसतिगृह तेवढ्यात उघडेलच असं नाही. कॅटरीना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सचं तुलेन विद्यापीठ २००५ चं अख्खं फॉल सेमिस्टर बंद होतं, ते जानेवारी २००६ मध्ये उघडलं, आणि त्यांच्या मुलांना तोवर देशभरातल्या इतर कॉलेजांनी सामावून घेतलं. ते उदाहरण बैठकीत मांडल्यावर बोलणं बदललं. शेवटी करारात असं आलं की आमचा एक कर्मचारी मुलांबरोबर तिकडे राहील, खर्च आमचा, आणि तीन दिवसांनंतरची सोय दोन्ही कॉलेजं मिळून ठरवतील. मला आठवड्याची लेखी हमी हवी होती, ती मिळाली नाही. तरी सही झाली, आणि ती झाली याचं मोल मोठं आहे. संकटाच्या दिवशी अनोळखी कॉलेजला फोन लावणं वेगळं आणि ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारणं वेगळं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, पण हे लक्षपूर्वक वाचावं. पासपोर्ट, आय-२०, आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) छापील प्रत, विम्याचं कार्ड, नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी आणि थोडी रोख रक्कम, हे सगळं पाणी न शिरणाऱ्या एका पिशवीत, दाराजवळ. या सगळ्याचे फोटो स्वतःच्या ईमेलवर आणि घरच्यांकडेही हवेत. अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा इथला कायदाच आहे, त्यामुळे घर सोडताना मूळ कागद मागे ठेवू नयेत. आय-२० हरवलं तर घाबरायचं कारण नाही, डीएसओ ते पुन्हा काढून ईमेलने पाठवू शकते. पासपोर्ट हरवला तर मात्र भारतीय वाणिज्य दूतावासाकडे जावं लागतं आणि त्यात वेळ जातो. पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास पावणेचार लिटर. भाड्याच्या घराचा विमा काढला असला तरी पुराचं नुकसान त्यात सहसा धरत नाहीत, पुराचा विमा वेगळा असतो आणि तो बहुधा ३० दिवसांनी लागू होतो. वादळ टीव्हीवर दिसल्यावर तो काढून उपयोग नाही.

मुलांच्या मनातली खरी भीती व्हिसाची असते. कॉलेज बंद पडलं, तास बुडाले, तर माझा एफ-१ जाईल का? नैसर्गिक आपत्तीत कॉलेज तात्पुरतं बंद झालं म्हणून दर्जा आपोआप जात नाही. मोठ्या आपत्तीनंतर सरकार वेगळ्या सवलतीही देतं: कॅटरीनानंतर अशा विद्यार्थ्यांना काम करण्याच्या आणि कमी विषय घेण्याच्या नियमांत सूट मिळाली होती. फक्त डीएसओशी संपर्क तुटू देऊ नये. हे मी प्रत्येक ओरिएंटेशनमध्ये सावकाश, दोनदा सांगते, कारण व्हिसाच्या भीतीने मूल धोक्याच्या जागी थांबून राहिलं तर बाकी सगळी तयारी वाया जाते.

मग आम्ही गट पाडले. माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की देशावार गट करा, भाषा एक, जेवण एक, मुलं खूश राहतील. माझा याला विरोध होता. एकाच देशाची मुलं बहुतेक एकाच अपार्टमेंट संकुलात राहतात, तिथली वीज गेली की सगळ्यांची एकदम जाते. त्यांना एकमेकांची सोबत असते, पण मदत करायच्या स्थितीत कुणीच नसतं. शिवाय एखाद्या देशाचं एकच मूल असेल तर ते कुठे जाणार? शेवटी राहण्याच्या जागेप्रमाणे पाच-सहा जणांचे गट केले आणि प्रत्येकाला गाडी असलेला एक प्राध्यापक किंवा कर्मचारी जोडून दिला. गटप्रमुखाचं काम एकच: आपली माणसं कुठे आहेत ते ठरलेल्या वेळी कळवणं. यात सगळ्यात जास्त शिकवलं ते एका नेपाळी मुलाने. २०१५ चा भूकंप त्याने लहानपणी पाहिला होता. तो म्हणाला, “दीदी, कोण कुणाला शोधणार हे आधी ठरलेलं असलं की अर्धी भीती जाते.” गटाच्या कागदावर म्हणूनच फोन नंबरांच्याही आधी ते लिहिलं: कोण कुणाला शोधणार.

एप्रिलमध्ये सराव घेतला. दुपारी सगळे कॅम्पसवर असताना सराव सोपा जातो, म्हणून संध्याकाळी, तास संपून मुलं पांगल्यावर घेतला. मेसेज गेला, गटांनी हजेरी कळवली आणि एक बस खरोखरच भरून कॅम्पसच्या फाटकापर्यंत नेली. हजेरीला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. कारण साधं होतं, रात्रपाळीला कॅम्पसवर काम करणारी मुलं फोन लॉकरमध्ये ठेवतात. त्यांच्यासाठी तिथल्या पर्यवेक्षकांचे नंबर गटाच्या यादीत घातले.

आणि मग जुलैमध्ये बेरिल वादळ आलं.

२ जुलै २०२४ ला ते कॅरिबियन समुद्रात पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीला पोचलं. अटलांटिकच्या हंगामात इतक्या लवकर त्या श्रेणीला गेलेलं दुसरं वादळ नोंदीत नाही. तेव्हा सगळ्यांच्या नजरा मेक्सिकोकडे होत्या. ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन गुरुवारी होता, त्याला जोडून लोक सुटीवर गेले होते. शुक्रवारी वादळ मेक्सिकोचा युकातान द्वीपकल्प ओलांडून मेक्सिकोच्या आखातात आलं आणि शनिवार-रविवारी त्याची वाट उत्तरेकडे, आमच्याकडे सरकत गेली. सोमवारी, ८ जुलैला पहाटे चारच्या सुमाराला ते टेक्ससच्या किनाऱ्यावर माटागोर्डाजवळ पहिल्या श्रेणीचं होऊन धडकलं. पहिली श्रेणी म्हटल्यावर अनेकांनी निश्वास सोडला होता. आमच्या भागात सक्तीने हलण्याचा आदेश निघाला नाही, त्यामुळे एवढ्या खटपटीने केलेला तो करार वापरायची वेळच आली नाही. वापरात आली ती हजेरी.

रविवारी दुपारीच सगळ्या गटांना निरोप दिला होता: आज रात्री कुठे झोपणार ते कळवा. उन्हाळ्याची सुटी असल्याने निम्मी मुलं मायदेशी किंवा दुसऱ्या शहरात इंटर्नशिपला होती, त्यांनाही ‘बाहेर आहे’ एवढं कळवायचं होतं. रात्री झोपण्याआधी माझ्याकडे जवळजवळ पूर्ण यादी होती. जी काही नावं राहिली त्यांच्या घरी त्यांच्या गटाचे प्राध्यापक जाऊन आले.

वाऱ्याने आमच्याकडे फार मोडतोड केली नाही. खरा त्रास नंतर सुरू झाला. ह्यूस्टन परिसरात बावीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि काही भागांत ती आठवड्याहून जास्त काळ आली नाही. जुलैचं ऊन, दमट हवा, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची बंद खिडक्यांची घरं. एसी गृहीत धरून बांधलेल्या त्या अपार्टमेंटमध्ये एसीशिवाय माणूस टिकत नाही. मोबाइलचं नेटवर्कही येत-जात होतं. आम्ही लायब्ररी जनरेटरवर सुरू ठेवली, फोन चार्जिंग, पाणी आणि रात्री झोपायला गाद्या. इन्सुलिन घेणारं एक मूल होतं, त्याचं औषध पहिल्याच सकाळी कॅम्पसच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये ठेवलं, कारण ते यादीत आधीच नोंदलेलं होतं.

त्या दिवसांत मी गटप्रमुखांना सारखी एक गोष्ट बजावत होते: घरात कोळशाची शेगडी पेटवायची नाही, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून फोन चार्ज करायचा नाही, जनरेटर खिडकीजवळ लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेत जातो. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्ससची वीज गेली तेव्हा राज्याच्या मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली, त्यातली काही अशीच ऊब मिळवायच्या प्रयत्नात गेली. आपल्याकडे वीज गेली की दारं-खिडक्या उघडून अंगणात चूल मांडायची सवय असते. इथल्या बंद घरात तीच सवय जिवावर बेतू शकते, आणि हे ओरिएंटेशनमध्ये सहसा सांगितलं जात नाही. आम्ही आता सांगतो.

घरच्यांचं काय? टेक्ससमधले पहाटेचे चार म्हणजे भारतात दुपारचे अडीच. मुलांच्या घरी अंधार आणि आई-वडिलांच्या टीव्हीवर दिवसाढवळ्या वादळ. त्या सोमवारी ऑफिसचा फोन आणि मेल भरून गेले. एका वडिलांनी विचारलं, “मॅडम, मुलगी फोन उचलत नाही, फक्त ती ठीक आहे का एवढंच सांगा.” इथे ‘फर्पा’ हा १९७४ चा कायदा आहे, विद्यार्थ्याच्या नोंदींतली माहिती त्याच्या परवानगीशिवाय सहसा पालकांनाही देता येत नाही. जीवाला धोका असेल तर अपवाद आहे, पण एरवी ऑफिसातला माणूस तोंड उघडायला कचरतो. आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांकडून संमतीचा अर्ज भरून घेतला होता आणि त्यात घरच्या एकाच व्यक्तीचं नाव लिहायला लावलं होतं. त्या मुलीने वडिलांचंच नाव दिलं होतं आणि तिच्या गटाने पहाटेच्या वादळानंतर तिची हजेरी कळवली होती. मी त्यांना तिथल्या तिथे सांगू शकले. ज्यांनी अर्ज भरला नव्हता त्यांच्या आई-वडिलांना आम्ही काही सांगू शकलो नाही. मुलाला शोधून, त्यालाच घरी मेसेज करायला लावला.

मराठी पालकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. मुलाचा व्हिसा झाला की आपला पासपोर्टही काढून ठेवा, संपत आला असेल तर नवा करा. मूल इथे अतिदक्षता विभागात असेल तर तातडीच्या व्हिसा मुलाखतीसाठी अर्ज करता येतो, हॉस्पिटलचं पत्र जोडता येतं, आम्हीही पत्र देतो. पण पासपोर्टच नसेल तर ती वाट सुरूच होत नाही. दुसरं, विम्याची पॉलिसी वाचा. जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीच्या) व्हिसावाल्यांना सरकारने किमान विमा ठरवून दिलाय: आजारपणासाठी १ लाख डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार आणि पार्थिव पाठवण्यासाठी २५ हजार. एफ-१ साठी असा केंद्रीय नियम नाही, कॉलेज जे ठरवेल ते. स्वस्त पॉलिसीत शेवटच्या दोन गोष्टी कित्येकदा नसतातच. त्या शब्दांकडे बघवत नाही हे मला कळतं. तरी बघा.

बेरिलनंतरच्या ऑगस्टमध्ये आराखड्यात भर पडली ती उष्णतेच्या प्रकरणाची: वीज चोवीस तासांपेक्षा जास्त गेली तर वारा असो-नसो, वरच्या मजल्यावरच्या मुलांना कॅम्पसवर आणायचं. सेव्हिसचं काम करणारे आम्ही दोघे एकाच शहरात राहतो, म्हणून तिसऱ्या डीएसओचं नाव मंजुरीला पाठवलं. तिचं घर किनाऱ्यापासून बरंच आत आहे, आम्ही अंधारात असलो तरी ती मुलांचं काम करू शकेल. करारातल्या तीन दिवसांवर मात्र अजून बोलणी चालू आहेत. आतल्या कॉलेजच्या नव्या वसतिगृह प्रमुखांना मी आमची बेरिलची हजेरी-यादी, नावं झाकून, पाठवली आहे. कोण किती दिवस विजेशिवाय होतं ते त्यात तारखेनिशी आहे. पुढची बैठक हंगाम सुरू होण्याआधी, मे महिन्यात आहे.